शेतघरातल्या पोहण्याच्या तलावाचं वायरिंग: लायसनवालाच माणूस लागतो का?

वाईचे_गुरुजी
नमस्कार मंडळी. वाईच्या पुढे धोम धरणाच्या अंगाला आमचं शेतघर आहे. नातवंडं सुट्टीला येतात म्हणून २० बाय १० फुटांचा तलाव बांधायला घेतलाय. खड्डा झाला, लोखंडी जाळी बांधून झाली, शुक्रवारी काँक्रीट पडणार. फिल्टरचा पंप, पाण्यातले चार दिवे आणि शेजारच्या गरम पाण्याच्या टबाचा हीटर, हे सगळं तलाववाला म्हणतो, "आमचा पोरगाच जोडून देईल, खासगी घराला लायसन-बियसन लागत नाही." पोरगा चुणचुणीत आहे, हाताला सफाई आहे. पण परवाना दाखव म्हटलं तर मोबाईलमधला आयटीआयचा दाखला पुढे केला. एवढं पुरतं का? हिच्या मते मी उगाच खुसपट काढतोय.

सज्जनगड_पायथा
गुरुजी, कोण येतंय बघायला? आमचा पंप गावातल्याच वायरमनने जोडलाय, कित्येक वर्षं बिनतक्रार चालतोय. एक चांगला ब्रेकर टाका आणि पोहा बिनधास्त.

मिरजेचा_ठेकेदार
बघायला विद्युत निरीक्षक येतो की. पण कोणी गेल्यावर येतो, पंचनाम्याला.

गुरुजी, आयटीआयचा दाखला म्हणजे पोरगा शिकलाय एवढंच. काम करायचा परवाना तो नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला कोणी चालतो. पण नवीन वायरिंग, वाढीव वायरिंग, दुरुस्ती हे काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या ठेकेदारानेच घ्यायचं, त्यावर सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेला माणूस उभा पाहिजे आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचं परमिट पाहिजे. तुमचं घर खासगी आहे म्हणून यातून सुटका नाही. तलावासाठी आपल्याकडे निराळं लायसन नसतं, हेच लागतं.

आता कोणी सांगत नाही ते सांगतो. वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर सही विकत मिळते. ठेकेदार घरी बसून सही-शिक्का मारतो, साइट त्याने पाहिलेलीही नसते. आमच्याच धंद्यातली माणसं आहेत, लाज वाटते. तेव्हा कागद बघाच, पण सही करणारा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन तुमच्या दारात उभा राहतो का तेही बघा. ५०० व्होल्टवर मिनिटभर मोजून इन्सुलेशन किमान १ मेगोहम आलं पाहिजे. आकडा रिपोर्टवर लिहून घ्या. नुसतं "ओके" लिहिलेलं चालवून घेऊ नका.

पायथावाले, ब्रेकरचं म्हणाल तर ऐका. पाचगणीच्या वरच्या अंगाला एका बंगल्यात तलावाचा पंप चालू केला की ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) पडायचा. आधीच्या गड्याने काय करावं? आरसीसीबीच काढून टाकला. मी पंपाचं स्टार्टर उघडलं तर आत न्यूट्रल आणि अर्थ एकाच स्क्रूखाली आवळलेले. कारण विचारलं तर म्हणे, अर्थिंग नीट लागत नव्हतं. न्यूट्रलचा करंट अर्थमधून परत जायला लागला की आरसीसीबी पडणारच, तो त्याचं काम करत होता. आणि अशा जोडणीत डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला तर पंपाच्या अंगावर सरळ २३० व्होल्ट. तलावातला माणूस नखशिखांत भिजलेला, त्याला सुटायलाही वाव नाही.

तुमच्याकडे वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे एक सळई ठोकून अर्थिंग होत नाही. खड्डे किती घ्यायचे ते अर्थ टेस्टरने मोजून ठरवा, आणि तेही उन्हाळ्यात. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो.

वाईचे_गुरुजी
खूप आभारी आहे. भाच्याने अमेरिकेतला एक व्हिडिओ पाठवला, त्यात काँक्रीटच्या आधीच जाळीला तांब्याची जाड तार जोडताना दाखवलंय. आपल्याकडेही हे करतात? आणि एक गंमत. पोरगा आज वायरमनचं परमिट घेऊन आला. नाव त्याच्या मामाचं.

मिरजेचा_ठेकेदार
मग मामांनाच बोलवा कामाला!

व्हिडिओ बरोबर आहे. त्यांच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत कलम ६८० सगळं तलावांचंच आहे, ८ गेजची भरीव तार म्हणजे साधारण साडेआठ चौरस मिलिमीटर. आपण आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग ७०२ धरून करतो, तत्त्व तेच. जाळी, शिडी, कठडा, जवळचे धातूचे पाइप, सगळं तांब्याने एकत्र बांधून अर्थला न्यायचं, म्हणजे दोन वस्तूंना एकदम हात लागला तरी त्यांच्यात व्होल्टेजचा फरक पडत नाही. म्हणूनच म्हणतो, शुक्रवारचं काँक्रीट थांबवा. एकदा ओतलं की जाळी हाताला लागत नाही.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. त्यांचा सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर पंपाच्या खोलीत, काठापासून लांब. बाजारातली स्वस्त पॉवर सप्लायची डबी नको. काठापासून २ मीटरच्या आत प्लगचा पॉइंट नको, मग पाहुण्यांना मोबाईल चार्ज करायचा असो की गाणी लावायची असोत.

कराडची_मेघा
सगळे वायरिंगवर बोलताय, कनेक्शन कुठलं आहे? शेतघर म्हणताय म्हणून विचारते. कृषिपंपाच्या मीटरवरून तलाव चालवलात तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. माझ्या नात्यात एकाला असं बिल आलं, तलाव परवडला असता पण बिल नाही.

वाईचे_गुरुजी
मेघाताई, विहिरीची मोटर शेतीच्या मीटरवर आहे, घराला वेगळं मीटर आहे. तलाववाला पंप विहिरीच्या बोर्डवरूनच जोडणार होता, बरं झालं विचारलंत. काँक्रीट थांबवलंय, तो फुरंगटलाय. साताऱ्याचे एक लायसनधारक ठेकेदार सोमवारी सुपरवायझरला घेऊन जाळी बघायला येतायत. लायसनचा नंबर आणि मुदत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात दाखवून खात्री करून घेतो. टबाचा हीटर घराच्या मीटरवर चालेल ना?

मिरजेचा_ठेकेदार
हीटरच्या पाटीवर किलोवॅट किती लिहिलेत ते बघा आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघा. दोन्ही आकडे इथे टाका. भार कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज सोमवारच्या आत करून टाका, त्याच ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट त्यालाही जोडता येईल.