मदत हवी आहे : ओस्लोत अवघड प्रश्न शेवटी ठेवले, हेच चुकले का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनमंडळात इस्राएल-पॅलेस्टाइन वाटाघाटी का फसल्या, यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोण बरोबर, कोण चूक हा वाद येथे नको. तो सर्वत्र चालूच असतो. माझी अडचण वेगळी आहे.

इस्राएल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यातील १९९३ च्या ओस्लो करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्यापलेल्या भूभागात इस्राएलींनी वसवलेली गावे) आणि सीमा हे विषय शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवले आणि मधला काळ पाच वर्षांचा धरला. तेवढ्यात परस्परविश्वास वाढेल, असा हिशोब होता. घडले उलटेच. १९९४ मध्ये हेब्रॉनला नमाज पढणाऱ्यांवर एका वसाहतवाल्याने गोळीबार केला, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेचे आत्मघाती हल्ले वाढले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांची एका ज्यू तरुणाने हत्या केली. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याचे (वेस्ट बँक) अ, ब, क असे जे तात्पुरते विभाग १९९५ मध्ये पाडले, ते आजही कायम आहेत. त्यांतला सुमारे ६० टक्के भूभागाचा क विभाग पूर्णतः इस्राएलच्या ताब्यात आहे. पूर्व जेरुसलेम वगळता तेथील वसाहतींत करारावेळी लाखाच्या आसपास इस्राएली राहत होते, आता साडेचार लाखांहून अधिक राहतात. ज्या जमिनीच्या वाटणीची बोलणी चालू होती, तीच दरम्यान हातची जात होती.

येथवर माझे मत पक्के होते, पण २००८ चा प्रसंग आडवा येतो. इस्राएलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी तेव्हा अवघड विषयांसकट सगळा प्रस्ताव मांडला. नकाशा सोबत नेऊ दिला नाही, म्हणून पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांनी तो हाताने कागदावर रेखाटून घेतला. सही मात्र झाली नाही. ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पायउतार होण्याच्या बेतात होते, तर गाझा २००७ पासूनच हमासच्या हाती गेला होता. २००० मध्ये इस्राएलचे तेव्हाचे पंतप्रधान बराक अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला वाटाघाटींसाठी निघाले, तेव्हाही त्यांच्या सरकारमधून तीन पक्ष बाहेर पडले होते. म्हणून मला वाटू लागले आहे की विषयांच्या क्रमापेक्षा, सही करणाऱ्याच्या पाठीशी त्याचीच माणसे उभी नसणे हा मोठा अडसर असावा. अब्बास २००५ मध्ये निवडून आले. त्यानंतर तेथे अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही.

निर्वासितांचा प्रश्न मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. १९४८ मध्ये सुमारे सात लाख लोक विस्थापित झाले. त्यांच्या वंशजांसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडील नोंद आता ५५ लाखांच्या पुढे आहे. त्यांचे परतणे म्हणजे ज्यू बहुमताचा अंत, असे इस्राएल मानतो. तो हक्क सोडणारा नेता पॅलेस्टिनी समाजात टिकणे कठीण. येथे नेता कितीही भक्कम असला, तरी तडजोड कशी निघेल?

इजिप्तमधील ताबा या गावी जानेवारी २००१ मध्ये या प्रश्नावर झालेल्या चर्चेचे तपशील कोणी वाचले असल्यास कृपया लिहावेत. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि गाझाचा विध्वंस यांनंतर यांतला कोणता अडसर सर्वांत घट्ट झाला, हेही श्रोते नक्की विचारतील; त्यावर आपले मत कारणांसह द्यावे. संदर्भ इंग्रजी असले तरी चालतील.