शब्दचर्चा : ‘सुडोकू’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (म्हापसा) :
आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी सुडोकूची स्पर्धा ठरली आहे. फलकावर लिहिण्यासाठी ‘अंककोडे’, ‘संख्याकोडे’, ‘आकडेकोडे’ आणि ‘गणिती कोडे’ असे चार शब्द सुचवले गेले. यांपैकी नेमका कोणता घ्यावा? शिवाय सुडोकू ‘सोडवला’ म्हणावे की ‘सोडवले’?

उत्तर (फोंडा) :
‘अंककोडे’ हाच शब्द घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. अंक हे चिन्ह असते आणि त्या चिन्हाने दाखवलेले मूल्य म्हणजे संख्या. सुडोकूत नऊ बाय नऊ घरांच्या चौकटीत प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच बसवायचे असतात; बेरीज-वजाबाकी कुठेच नसते. एखाद्या आडव्या ओळीत दोनच घरे रिकामी असून ४ आणि ७ बसवायचे राहिले असतील आणि त्यांतल्या एका घराच्या उभ्या ओळीत ४ आधीच बसलेला असेल, तर त्या घरात ७ च येणार. येथे ४ च्या जागी ‘क’ आणि ७ च्या जागी ‘च’ लिहिला, तरी तर्क तसूभरही बदलत नाही. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने, प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येते अशा ज्या चौरसांचा अभ्यास केला, त्यांत तो लॅटिन अक्षरे भरत असे आणि त्यावरूनच त्यांना ‘लॅटिन चौरस’ हे नाव पडले. तेव्हा ‘गणिती कोडे’ हा शब्द दिशाभूल करतो, आणि गणिताची धास्ती घेतलेले मूल तो वाचून फलकापासूनच माघारी फिरेल, याचे मला अधिक वाईट वाटते.

‘आकडेकोडे’ व्याकरणाने बरोबर असले, तरी गोव्यात ‘आकडा’ म्हटले की ‘आज कोणता आकडा आला?’ हा मटक्याचा प्रश्न आधी आठवतो. मुलांच्या स्पर्धेला तो शब्द नको.

मूळ नावाची हकिकतही पाहण्यासारखी आहे. हे कोडे हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराचे मानले जाते; १९७९ मध्ये ते ‘नंबर प्लेस’ या नावाने एका कोड्यांच्या मासिकात आले. जपानमधील ‘निकोली’ या कोडी छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ते उचलले आणि तिचे संस्थापक माकी काजी यांनी ‘अंक एकटेच असावेत’ अशा अर्थाच्या लांबलचक वाक्यातून ‘सू’ म्हणजे अंक आणि ‘दोकू’ म्हणजे एकटा, एवढेच ठेवले. हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना १९९७ मध्ये टोकियोत अशा कोड्यांचे पुस्तक मिळाले. त्यांनी सहा वर्षे खपून कोडी तयार करणारी संगणक-आज्ञावली लिहिली, आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पहिले कोडे छापून आल्यावर वर्षभरात ते जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले. ‘सुडोकू’ हे नाव जपानमध्ये निकोलीच्या मालकीचे असल्याने तेथील इतर प्रकाशक मात्र ‘नंबर प्लेस’चेच ‘नानपुरे’ हे लघुरूप वापरतात.

पुरवणी (पेडणे) :
आमची आजी रात्री जेवणे आटोपली की आम्हा मुलांना हुमाण घालायची. कोड्याला हा घरचा शब्द असताना तो का घेऊ नये?

उत्तर (फोंडा) :
शब्द गोड आहे आणि तो टिकावा, असे मलाही मनापासून वाटते. पण हुमाणात वस्तू वर्णनाआड लपवलेली असते, ती कल्पनेने ओळखायची असते आणि उत्तर तोंडी द्यायचे असते. सुडोकूत काहीच लपवलेले नसते. सगळे समोर मांडून ठेवलेले असते आणि एकेक शक्यता खोडत जायचे असते. त्यामुळे हुमाण हुमाणालाच राहू द्यावे.

‘संख्याकोडे’ मात्र टाकून देऊ नये. काकुरो या बेरजेवर चालणाऱ्या कोड्यात दोन घरांची बेरीज १६ दिली असेल, तर तेथे ७ आणि ९ याच अंकांची जोडी बसते, कारण ८ दोनदा चालत नाही. तेथे मूल्याला महत्त्व आहे, म्हणून तो शब्द तेथे शोभेल.

लिंगाविषयी : मनात ‘कोडे’ धरून आपण नपुंसकलिंगच वापरतो, म्हणून ‘सुडोकू सोडवले’ लिहावे, आणि शेवटचा ‘कू’ दीर्घ ठेवावा. फलकावर ‘अंककोडी (सुडोकू) सोडवण्याची स्पर्धा’ एवढे लिहिले तरी मुलांना पुरेसे कळेल.