एक्सएमएलमधून एचटीएमएल करताना &#160; आणि लांब डॅश कसे सांभाळायचे?

मांडवीकाठ, पणजी
फेरीबोटींचं वेळापत्रक एक्सएमएलमध्ये आहे. एक्सएसएलटी १.० ने (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) एचटीएमएल केलं की देवनागरीचा कचरा होतो आणि वेळेआधीच्या न तुटणाऱ्या जागेपाशी (तिथे ओळ मोडू न देणारी स्पेस, कोड १६०) टोपीवाला रोमन ए उमटतो. एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) यूएस-आस्की, म्हणजे फक्त साध्या रोमन चिन्हांचं, केल्यावर पान नीट दिसतं, पण सोर्समधलं सगळं मराठी आकडी कोडांत जातं. मला फक्त ती जागा आणि ‘पणजी–बेती’मधला डॅश आकड्यांत हवाय. डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग (खास चिन्हं न बदलता तशीच लिहायची सूचना) लावू का?

म्हापसेकर
ते नको. ते पाळायचं की नाही हे प्रोसेसरवर (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोडलेलं आहे. फायरफॉक्स पाळत नाही.

टोपीवाला ए म्हणजे एन्कोडिंगची चुकामूक. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांच्या एन्कोडिंगमध्ये ती जागा दोन बाइटांची, सी२ आणि ए०. ब्राउझरने विंडोज-१२५२ (जुनं एक-बाइटी रोमन एन्कोडिंग) धरलं की सी२ चा Â होतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि सर्व्हरचा कंटेंट-टाइप हेडर (पानासोबत एन्कोडिंग सांगणारी ओळ) बघा, पानातल्या मेटा टॅगपेक्षा त्याचंच चालतं. आस्कीने दुखणं झाकलं जातं, वर ‘गोवा’ १२ बाइटांऐवजी २८ खातो: &#2327;&#2379;&#2357;&#2366; आणि सोर्समध्ये ‘गोवा’ शोधून सापडत नाही ते वेगळंच.

फोंडेकर
हेडर आधी, हे बरोबर. निवडक चिन्हांसाठी मात्र एक्सएसएलटी २.० (२००७) मधला कॅरॅक्टर-मॅप (कुठल्या चिन्हाऐवजी काय लिहायचं त्याची यादी) लागेल. सॅक्सन-एचई हा प्रोसेसर फुकट आहे, त्यात चालतो. मॅपमध्ये दर चिन्हाला एक आउटपुट-कॅरॅक्टर द्या आणि एक्सएसएल:आउटपुटवर यूज-कॅरॅक्टर-मॅप्समध्ये मॅपचं नाव टाका.

फसतं ते स्ट्रिंगमध्ये, म्हणजे चिन्हाच्या बदली द्यायच्या मजकुरात. तिथे थेट &#160; लिहिलंत तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) आधीच त्याची जागा करून टाकतो, म्हणजे जागेच्या बदली जागाच, फरक शून्य. अँपरसँड हे चिन्ह त्याच्या एंटिटीने, म्हणजे नावाच्या कोडने, लिहा, पुढे #160; जोडा. डॅशला तसंच #8211;. अदृश्य जोडक &#8205; सुद्धा मॅपमध्ये घ्या. ‘दऱ्या’ काही जण साधा र, हलन्त आणि हा जोडक असा टाइप करतात, मग तो कुठे आहे नि कुठे नाही ते सोर्समध्ये दिसलेलं बरं.

निकाल डॉम झाडात (मेमरीतल्या पानाच्या रचनेत) घेतलात तर मॅप लागत नाही, तो प्रोसेसर स्वतः फाइल लिहितो तेव्हाच लागतो. जावात रायटर (अक्षरं घेणारा) न देता आउटपुटस्ट्रीम (बाइट घेणारा) द्या. जावा १८ च्या आधी फाइलरायटर ऑपरेटिंग सिस्टिमचं एन्कोडिंग उचलायचा.

मांडवीकाठ, पणजी
हेडरमध्ये आयएसओ-८८५९-१ हे जुनं रोमन एन्कोडिंग होतं. बदललं, कचरा गेला. मॅपही लागला. पण लिंकच्या पत्त्यातलं मराठी अजून %ई०%ए४ असं येतंय.

फोंडेकर
एक्सएसएल:आउटपुटची एचटीएमएल मेथड पत्त्यांत तसंच करते, लिंक चालते. अक्षरंच हवी असतील तर एस्केप-यूआरआय-अॅट्रिब्यूट्सला ‘नो’ द्या.