छताचं हिरवं तेल मांडीवर ठिबकतंय. सिलिंडर काढू की पंप?

उघडं_छप्पर
मंडळी, सल्ला हवाय. गाडी सव्वीस वर्षांची, दोन दारी, कापडी छताची. छत हायड्रॉलिक, म्हणजे डिकीतला पंप तेल दाबतो आणि सिलिंडर छत उघडतात, मिटतात, लॉक करतात. मेक मुद्दाम लिहीत नाही. मागच्या खेपेला लिहिला तर निम्मे प्रतिसाद 'ती गाडी घेतलीतच का' यावरच आले.

छत बंद करताना शेवटची वीतभर फट राहिली की पंप कण्हायला लागतो आणि लॉक कसंबसं लागतं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर आरशाच्या वरून टपकन तेल मांडीवर. सन व्हायजरला पोपटी डाग पडलाय. डिकीतल्या पंपाच्या टाकीतली पातळीही महिन्याला बोटभर उतरते.

बजेट: नव्या सिलिंडरच्या निम्म्या किमतीच्या आत. हत्यारं आहेत, रविवार आहेत, पैसे नाहीत.

रपेटकर
निम्म्यात होत नसतं, विसरा. मी पंप, सगळे सिलिंडर, सगळ्या नळ्या एकदम बदलल्या. सात वर्षं झाली, एक थेंब नाही. रडायचं तर एकदाच रडावं माणसानं. तेवढ्यात दुसरी गाडी आली असती असं घरचे म्हणतात, पण ते सोडा.

उघडं_छप्पर
रपेटकर, बजेटची ओळ वाचलीत का?

चिखलगुट्टा
छत गळतं म्हणजे बीडिंग (कडेचं रबर) गेलं किंवा निचऱ्याची भोकं तुंबली. छताच्या खाचेत पाला साचतो, पाणी उलटं आत येतं. भोकात तार घालू नका, आतली नळी फाटते. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला, हळूहळू फिरवा.

तेलकट_बाही
चिखलगुट्टा, पाणी नाही हो, तेल गळतंय त्यांचं.

चिखलगुट्टा
बरं, तेल तर तेल. तरी भोकं साफ करा. पंप डिकीच्या तळाशी असेल आणि तिथे पाणी साचलं, तर तेलाची काळजी करायला पंप उरणार नाही. माझा असाच बुडाला. वरचं कार्पेट कोरडं होतं, खालचा फोम चिंब.

स्टॉपलीकभक्त
एवढं काय त्यात? गळती थांबवायचं औषध मिळतं, अर्धी बाटली टाकीत ओता. माझं दीड वर्ष चाललं.

तेलकट_बाही
आणि दीड वर्षानंतर?

स्टॉपलीकभक्त
गाडी विकली.

ओरिंगवाला
जरा कामाचं लिहितो. आरशाच्या वर ठिबकतंय म्हणजे पुढच्या लॉकचा सिलिंडर किंवा त्याच्या नळीचा जोड. पंपाला इतक्यात हात लावू नका. पातळी उतरली की तो हवा ओढतो, तेलाला फेस येतो, म्हणून कण्हतो. पंपाचं दुखणं बहुतेक वेळा असं उसनंच असतं.

या सिलिंडरांत बऱ्याचदा पॉलीयुरेथेन या प्लास्टिकची सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्या, असतात. वय झालं की ती डिंकासारखी चिकट होतात, मग त्यांचा भुगा पडतो. गाडी कमी चालली म्हणून वाचत नाहीत. पुढचा सिलिंडर तर काचेच्या वरच, उन्हात भाजत असतो.

आधी छताच्या पुढच्या पट्टीचं आवरण काढा, सगळं पुसून कोरडं करा, सिलिंडरभोवती पांढरा टिश्यू गुंडाळा आणि छत एकदा फिरवा. रॉडपाशी (सिलिंडरमधून आतबाहेर होणारा दांडा) भिजला तर सील, नळीपाशी भिजला तर जोड. पंप चालू असताना बोटानं चाचपडू नका. दाब शंभर बारच्या वर जाऊ शकतो, बारीक फवारा कातडीच्या आत शिरतो. ती जखम टाचणीएवढी दिसते आणि ऑपरेशनला नेते.

सीलच गेलं असेल तर नवा सिलिंडर कशाला? तुमचाच सिलिंडर विटॉनची (उष्णता सोसणारं रबर) सीलं घालून भरून देणारे असतात, नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. स्वतः करणार असाल तर रॉडवरून नख फिरवा. नख अडलं तर तो ओरखडा नवं सीलही खाईल.

रपेटकर
एक बदललं की दुसरं गळतं. अनुभव आहे. सगळे एकदम.

जुनं_ते_सोनं
तेलाचं कोणी बोललं नाही. जुन्या अमेरिकन कन्व्हर्टिबलांत छताच्या पंपात ब्रेक फ्लुइडच असायचं. तेच टाका, कुठेही मिळतं.

ओरिंगवाला
अजिबात नको! हिरवं आहे म्हणजे सीएचएफ जातीचं हायड्रॉलिक तेल असणार, पेंटोसिन सीएचएफ ११एस वगैरे. ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलचं. या तेलासाठीची रबरं त्यात फुगून मऊ पडतात, आणि सांडलं तर रंगही उचलतं. टोपणावर लिहिलंय तेच भरा.

तेलकट_बाही
एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालतं, मी वापरतो.

ओरिंगवाला
ज्या गाडीत एटीएफ सांगितलंय तिथे चालतंच.

जुनं_ते_सोनं
मुळात छताला हायड्रॉलिक हवंच कशाला? १९३९ च्या प्लिमथचं छत व्हॅक्यूमवर उघडायचं. १९५७ ते ५९ ची फोर्ड स्कायलायनर घ्या, अख्खं पत्र्याचं छत डिकीत जायचं, नुसत्या इलेक्ट्रिक मोटरांवर. तेलाचा थेंब नाही.

तेलकट_बाही
आणि त्या मोटरांच्या वायरी कोण शोधत बसणार, तुम्ही?

अर्धवट_उघडा
माझी चूक करू नका. इंजिन बंद ठेवून छत चारदा वरखाली केलं, बॅटरी बसली. छत अधांतरी, मागचं झाकण उभं, वर पाऊस. मी झाकणाखाली वाकून पंप बघतोय आणि दाब सुटून छत हळूहळू खाली येतंय. लाकडाचा ठोकळा लावला असता तर डाव्या करंगळीचं नख आज असतं. इंजिन चालू ठेवा किंवा चार्जर लावा, आणि ठोकळा आधी लावा, मग वाका.

ओरिंगवाला
+१. आणि उघडं_छप्पर, पातळी बघताना छत कुठल्या स्थितीत असतं तुमचं?

उघडं_छप्पर
बंद. पाऊस असतो ना.

ओरिंगवाला
मॅन्युअल बघा. काही गाड्यांत उघडं ठेवून बघायची असते, काहींत बंद. रॉड बाहेर असले की सिलिंडरांत जास्त तेल मावतं, टाकी रिकामी वाटते. तुम्ही वर भरता, रॉड आत गेले की तेवढं तेल परत येतं आणि टाकीतून उतू जातं.

उघडं_छप्पर
बघितलं. 'छत पूर्ण उघडं' असं लिहिलंय. म्हणजे डिकीतलं तेल मीच सांडत होतो. ते आजवर लिहिलं नव्हतं, लाज वाटत होती.

टिश्यूचा प्रयोगही केला. रॉडपाशी भिजला. नळीचा जोड ठणठणीत.

स्टॉपलीकभक्त
मग औषध टाकाच.

नवा_सभासद
धागा पूर्ण वाचला नाही, पण निचऱ्याची भोकं बघितलीत का?

चिखलगुट्टा
शाब्बास.

उघडं_छप्पर
शेवटचं अपडेट. भरून देणाऱ्याचा भाव बजेटात बसत होता, पण सिलिंडर खोलून रॉड पाहिला तर नख दोन ठिकाणी अडलं. मग नवाच घ्यायचा, आणि ते परवडत नाही. सिलिंडर खोक्यात ठेवला, नळ्यांच्या तोंडाला बुचं मारली. पंपाचा फ्यूज काढला, तेलाचा दाब सोडणारा बायपासचा स्क्रू मॅन्युअलप्रमाणे सैल केला. आता छत हातानं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको, आणि पुढचं लॉक आणीबाणीच्या ॲलन कीनं.

ओरिंगवाला
अहो, सेकंडहँड रॉड मिळतो शोधला तर! एवढ्यासाठी चालू सिस्टीम बंद ठेवायची?

रपेटकर
आणि बायको नसेल तेव्हा?

उघडं_छप्पर
तेव्हा छत बंद. तसंही ती शेजारी असली तरच मी उघडं चालवतो. काल पहिल्यांदा केलं, दोघांना मिळून चार मिनिटं लागली. तिची बाजू आधी वर गेली म्हणून कापड तिरकं बसलं, परत खाली घेतलं. मांडी कोरडी आहे.

व्हायजरचा पोपटी डाग कशानं निघेल? इथेच विचारू की नवा धागा काढू?

रपेटकर
व्हायजर नवा घ्या. दोन्ही बाजूंचे, एकदम.