लिंकांची अदलाबदल: मी तरी आता करणार नाही

सायकलवेडी (धागाकर्ती)
माझी सायकल दुरुस्तीची वेबसाइट आहे. परवा पुन्हा तोच मेल आला: तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो, गूगलच्या शोधात दोघांचंही रँकिंग वाढेल. मी सरळ नाही कळवलं.

पूर्वी मी असे चाळीसेक व्यवहार केले होते. 'मित्र-साइट' नावाचं वेगळं पानच होतं. मध्यंतरी ते आवरायला बसले आणि एकेक लिंक उघडून पाहिली. 'चेनची निगा' लिहिलेल्या लिंकवर टिचकी मारली तर समोर ऑनलाइन जुगार! मूळ मालकानं डोमेनचं नूतनीकरण केलं नव्हतं, ते तिसऱ्यानंच घेतलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून किती जण तिथे गेले असतील, या विचारानं फार वाईट वाटलं. गूगलच्या स्पॅम धोरणातही अशी पानं बसत नाहीत. तुमचं मत काय?

रातराणी
असहमत. धोरणात आक्षेप आहे तो अतिरेकी अदलाबदलीवर आणि केवळ एकमेकांना लिंका देण्यासाठी काढलेल्या पानांवर. एकाच विषयावर लिहिणारे दोघं एकमेकांचा उल्लेख करणारच, त्यात गैर काय? नव्या साइटला कुणी आपणहून लिंक देत नाही. कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

कोरापाटी
@रातराणी, उल्लेख आणि सौदा यांत फरक आहे. १९९८ च्या पेजरँकची (पानांचं महत्त्व ठरवायच्या गूगलच्या पद्धतीची) कल्पनाच अशी की लिंक म्हणजे एका पानानं दुसऱ्याला दिलेलं मत. मताच्या बदल्यात मत ठरलं की त्या मताला किंमत उरत नाही. आणि हे लपतही नाही. अ कडून ब ला, ब कडून अ ला, मजकुराशी संबंध नाही, लिंकचे शब्द सगळीकडे तेच. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन (असल्या लिंका पकडणारा गूगलच्या शोधातला बदल) आलं तेव्हा अशा जाळ्यांतल्या कितीतरी साइट खाली गेल्या.

रातराणी
पेंग्विनची भीती किती दिवस घालणार? २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच आहे आणि वाईट लिंका बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित होतात. म्हणजे झाला तर फायदा, नाही तर काहीच नाही.

कोरापाटी
'काहीच नाही' कसं? मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसानं तपासून केलेली कारवाई, आजही होते. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) अनैसर्गिक लिंकांच्या दोन वेगळ्या सूचना असतात: तुमच्याकडे येणाऱ्या आणि तुमच्याकडून जाणाऱ्या. अदलाबदल करणारा दोन्हींत सापडतो. येणाऱ्या लिंका नाकारायला २०१२ पासून डिसअव्हाव टूल आहे, पण जाणाऱ्या स्वतःच काढाव्या लागतात किंवा त्यांना नोफॉलो (ही लिंक मत म्हणून धरू नका, अशी गूगलसाठी खूण) लावावं लागतं. मग पुनर्विचाराचा अर्ज, आणि उत्तराची वाट. छोट्या साइटला तेवढे आठवडेही जड जातात.

नवखा_७
मला तिहेरी पद्धत सुचवली होती: मी ब ला, ब नं क ला, क नं मला. ती चालते का?

कोरापाटी
नको. सौदा तोच आहे, वळसा तेवढा जास्त.

रातराणी
तिहेरीच्या बाबतीत मीही विरोधातच आहे. ती लपवाछपवीच झाली. पण ओळखीतल्या चार चांगल्या साइटना लिंक देणं मी सोडणार नाही.

सायकलवेडी
@रातराणी, त्या द्याच. मी हल्ली एकच करते: अदलाबदल मागणाऱ्याला कळवते की लिंक देईन, पण नोफॉलो लावून. आतापर्यंत एकानंही होकार दिला नाही. वाचक हवे असते तर नोफॉलोनं काय बिघडलं असतं? टिचकी मारणारा माणूस तर येतोच.

चाळीसपैकी सहा लिंका ठेवल्यात. त्यांनी माझी लिंक उद्या काढली तरी त्या राहतील, कारण चाकाचे स्पोक ओढून रिम सरळ कशी करायची हे त्यांच्याइतकं नीट मला सांगता येत नाही. 'मित्र-साइट' हे पान काढलं, आणि त्या सहाही लिंका त्या त्या लेखात, जिथे विषय येतो तिथे हलवल्या. बाकीच्यांपैकी ज्यांच्या साइट अजून चालू आहेत, त्यांना आज मेल करते. न सांगता काढणं बरं वाटत नाही.