निक काही धुतल्या तांदळासारखा नाही
वरती कोणीतरी लिहिलं की गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल' कादंबरीतली एमीच तेवढी कपटी, तिचा नवरा निक बिचारा फसला. मले नाही पटत हे. अहो, एमी गायब होते तेव्हा निक सुरुवातीलेच पोलिसांशी खोटं बोलून राहिला अन् वरून आपल्याले, वाचणाऱ्याले, सांगते की हे माझं पाचवं खोटं, आणि त्या अँडी नावाच्या पोरीसोबतचं लफडं तर कितीतरी पानं आपल्यापासूनही लपवून ठेवते. एमीची डायरी बनावट निघते तेव्हा धक्का बसतेच, पण त्याच्या आधी निकनं गंडवलंच असते ना.

मले सगळ्यात खरं वाटलं ते पैशाचं. दोघांच्या नोकऱ्या जातात, न्यूयॉर्क सोडून मिसुरीत येतात, बार निघते तो तिच्या पैशावर, तिथूनच अढी बसते. आमच्या दारव्ह्याकडे एकानं बायकोची पोत गहाण टाकली अन् पावती सरकीच्या रिकाम्या पिशवीत खुपसली, पेरणी झाली, कापूस निघाला, लग्नात घालायले पोत काढायची वेळ आली तेव्हा तिले कळलं. बाई भांडली नाही, पण तेव्हापासून दुधाचे पैसे माहेरी ठेवते.

एमीनं तिच्या जुन्या मित्राचा, देसीचा, खून केला त्याले माफी नाहीच. पण पुन्हा वाचाल तर निकच्या तोंडची प्रकरणं सावकाश वाचा, तो काय सांगत नाही ते पाहा.