कोल्हापुरात कमळ फुललं, पण विचार रुजला का?

शिवाजी पेठेतला जुना कार्यकर्ता: २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुतीच्या बाजूला गेल्या. गुलाल मीही खेळलो. पण भाजपच्या कमळावर आलेले दोघंच, कोल्हापूर दक्षिणमधून अमल महाडिक आणि इचलकरंजीतून राहुल आवाडे. दोन्ही घराणी मूळची काँग्रेसमधली. पंचवीस वर्षं सतरंज्या उचलल्या त्या दीनदयाळ उपाध्यायांच्या अंत्योदयासाठी, म्हणजे शेवटच्या माणसाच्या भल्यासाठी. आता बैठकीत तो शब्दच येत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: दुसऱ्या पक्षांतल्या नेत्यांची आयात थांबवा.

इचलकरंजीकर: आयात थांबवली की जागाही थांबतील. इथला माणूस कारखान्याचा सभासद असतो, गोकुळ दूध संघाला दूध घालतो, सोसायटीचं कर्ज काढतो. मत या संस्था चालवणाऱ्या घराण्यांच्या वाटेनंच जातं. २०२२ ची कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक आठवा. हिंदुत्वाचा जोरदार प्रचार झाला, तरी काँग्रेसच्या जयश्री जाधव निवडून आल्या.

कागलचा मतदार: आणि घराण्यांच्या भरवशावर काय झालं? युतीत कागल अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या मुश्रीफांकडे जाणार हे दिसल्यावर भाजपचे समरजित घाटगे शरद पवारांच्या पक्षात गेले. घराणं आपला गट घेऊन येतं आणि जाताना घेऊन जातं. पक्षाचं म्हणून गावात काही राहत नाही.

राजारामपुरीकर: काका, १९८० साली पक्षानं ‘गांधीवादी समाजवाद’ घेतला आणि १९८४ ला लोकसभेत दोन खासदार उरले. इंदिराजींच्या हत्येची लाट होती, मान्य. पण १९८९ ला पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला आणि त्याच वर्षी आकडा पंच्याऐंशीवर गेला. धार सोडली की पक्ष संपतो. अंत्योदय हवाच, पण हिंदुत्व मागं ठेवून नको.

बिंदू चौकातून: परंपरा जपणारा पक्ष म्हणता ना? मग कोल्हापूरची परंपरा कुठली ते सांगा. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारं हे राजर्षी शाहू महाराजांचं संस्थान. वेदमंत्रांनी विधी करून घ्यायचा हक्क ब्राह्मणेतरांना आहे की नाही, हा वेदोक्ताचा वाद याच मातीत झाला. २०२४ च्या लोकसभेत त्यांच्याच घराण्यातल्या, काँग्रेसकडून उभ्या राहिलेल्या शाहू छत्रपतींना दीड लाखावर मताधिक्य मिळालं, ते नुसतं काँग्रेसचं नव्हतं. जयंतीला शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालून हा वारसा आपला होत नाही.

राजारामपुरीकर: मग सहा महिन्यांत त्याच मतदारानं महायुतीला दहा जागा दिल्या, त्या काय वारसा विसरून?

शिवाजी पेठेतला जुना कार्यकर्ता: बिंदू चौकवाल्यांचं मला पटतं, आणि ते मान्य करायला जड जातंय. हिंदुत्व मीही सोडणार नाही. पण नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गात जमीन जाईल म्हणून शेतकरी मोर्चा काढतो, तेव्हा अंत्योदय मानणाऱ्यानं कुणाच्या शेजारी उभं राहायचं? माझ्या मेहुण्याचं रान त्या पट्ट्यात आहे. मागल्या रविवारी त्यानं मला हेच विचारलं. मी चहा न पिताच उठलो.